सत्तेचाळीस क्रमांकाचे दोन सभासद

गेल्या दिवाळीनंतर आमच्या टपाल तिकीट संग्राहक मंडळाची सभासद नोंदवही नव्याने लिहून काढण्याचे काम मी हाती घेतले आणि ते होळीच्या सुमारास संपले. जुन्या वहीचे कागद जळगावच्या उन्हाळ्यांनी पिवळे पडून कडांना तुटू लागले होते, हे एक कारण होते. खरे कारण मात्र वेगळे होते. त्या वहीत एकाच क्रमांकावर दोन-दोन माणसे नोंदलेली होती, काही ठिकाणी पहिले नाव खोडून त्याच ओळीवर दुसरे लिहिलेले होते, आणि त्यांतल्या बहुतेक खाडाखोडी माझ्या हस्ताक्षरातल्या होत्या. सभासद क्रमांक कसा द्यावा आणि मोकळा झालेला क्रमांक पुन्हा वापरावा की नाही, हा प्रश्न मी अनेक वर्षे कारकुनी समजत होतो. तो तसा नाही, हे मला ज्या प्रसंगाने कळले तो आधी सांगतो.

त्यासाठी आमच्याकडे तिकिटांची देवघेव कशी चालते हे ठाऊक असायला हवे. ज्याच्याजवळ जास्तीची तिकिटे असतात तो सभासद ती एका छोट्या पुस्तिकेत हिंज (तिकिटामागे लावायची डिंकाच्या कागदाची छोटी पट्टी) लावून चिकटवतो, प्रत्येक चौकटीखाली किंमत लिहितो आणि पहिल्या पानावर आपला सभासद क्रमांक घालतो. अशा आठ-दहा पुस्तिकांचे एक पाकीट करून मंडळ ते जळगाव, भुसावळ, पाचोरा, अमळनेर, धुळे असे सभासदांमध्ये फिरवते. ज्याला एखादे तिकीट हवे असेल त्याने ते काढून घ्यायचे, रिकाम्या झालेल्या चौकटीत स्वतःचा क्रमांक लिहायचा, सोबतच्या तक्त्यात रक्कम मांडायची आणि पाकीट पुढच्या सभासदाकडे पोचते करायचे. चौकट जेमतेम तिकिटाएवढी असल्यामुळे तिच्यात नाव मावत नाही. सगळा व्यवहार क्रमांकावर चालतो, आणि रिकाम्या चौकटीतला तो दोन-तीन अंकी आकडा हीच खरेदी करणाऱ्याची सही असते.

२०१६ साली आमच्या तेव्हाच्या कोषाध्यक्षांनी घर बदलले, तेव्हा त्यांच्या कपाटामागे २००४ सालातले एक पाकीट सापडले. ते पाकीट फिरता फिरता कुठे थांबले याचा तेव्हा शोध लागला नव्हता, आणि पुढे सगळेच ते विसरले होते. त्यातल्या एका पुस्तिकेत १९४८ च्या गांधी मालिकेतल्या १२ आण्यांच्या तिकिटाची चौकट रिकामी होती. तिच्यात पेन्सिलीने ४७ असे लिहिलेले होते, पण तक्त्यात त्या रकमेची नोंद नव्हती. कोषाध्यक्षांनी चालू यादी काढली, ४७ क्रमांकापुढचे नाव पाहिले आणि त्या सभासदाला थकबाकीचे पत्र पाठवले. पत्रातली भाषा अशा पत्रांत असते तशीच कोरडी होती.

ते पत्र पाचोऱ्याच्या एका शिक्षिकेला गेले. त्या २०११ मध्ये सभासद झाल्या होत्या. २००४ मध्ये त्यांचा आमच्या मंडळाशी काहीही संबंध नव्हता, आणि जे तिकीट त्यांनी कधी डोळ्यांनीही पाहिले नव्हते त्याचे पैसे बुडवल्याचा ठपका त्यांच्यावर आला होता. त्यांनी उत्तरात एक ओळही लिहिली नाही. सभासद कार्ड मात्र पाकिटात घालून परत पाठवले. संग्राहकांच्या वर्तुळात माणसाची पत दोनच गोष्टींवर ठरते : तो तिकीट कसे हाताळतो आणि पाकिटाचा हिशेब कसा ठेवतो. त्यांची पत आम्ही एका आकड्याच्या भरवशावर घालवली होती.

२००४ मधले ४७ क्रमांकाचे सभासद म्हणजे भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणत असू. ते २००७ मध्ये वारले, आणि २०११ मध्ये चिटणीस या नात्याने त्यांचा क्रमांक मी पाचोऱ्याच्या मॅडमना दिला.

मी असे का केले, हे स्पष्ट सांगायला हवे, कारण अनेक लहान मंडळांत आजही याच कारणांनी हे घडत असेल. मंडळाने कधीकाळी नंबरिंग मशीनने १ ते २०० क्रमांक घातलेली कार्डे छापून घेतली होती. वारलेल्या किंवा सोडून गेलेल्या सभासदांची बरीच कार्डे परत येऊन माझ्याकडे पडून होती, नवी कार्डे छापायला पैसे लागणार होते, आणि कार्यकारिणीत असाही सूर होता की वहीत मध्येच मोकळ्या जागा दिसणे बरे नव्हे. एका ज्येष्ठ सदस्यांना वाटे की शेवटचा क्रमांक १९० आणि प्रत्यक्ष सभासद ७० असतील, तर आपण आकडा फुगवून सांगतो असे लोकांना वाटेल. मला तेव्हा हे सगळे पटले होते. काटकसर, टापटीप आणि प्रामाणिकपणा या तिन्ही चांगल्या गोष्टींच्या नावाखाली मी २२ क्रमांक दुसऱ्यांदा वाटले.

त्या पत्रानंतर कोषाध्यक्ष आणि मी आप्पांच्या घरी भुसावळला गेलो. पैसे मागायचे नव्हते, फक्त खात्री करायची होती. त्यांच्या मुलीने अल्बम पुढे ठेवला. गांधी मालिकेच्या पानावर ते १२ आण्यांचे तिकीट नीट लावलेले होते, आणि त्याच्याखाली आप्पांनी बारीक अक्षरात आमच्या पाकिटाचा आणि पुस्तिकेचा क्रमांक लिहून ठेवला होता. त्यांनी काहीही लपवलेले नव्हते. तक्त्यात रक्कम मांडायची राहून गेली असावी, किंवा पाकीट पुढे गेल्यावर ते करू असे त्यांनी ठरवले असावे. मुलगी पैसे देऊ लागली. आम्ही ते घेतले आणि रीतसर पावती केली, कारण न घेणे हा तिच्या वडिलांच्या हिशेबीपणाचा अपमान ठरला असता. त्याच आठवड्यात मी पाचोऱ्याला जाऊन मॅडमची क्षमा मागितली. त्या बोलल्या फार थोडे, पण त्यांनी विचारलेला एक प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. त्या म्हणाल्या, "सर, शाळेत आम्ही गेलेल्या मुलाचा रजिस्टर नंबर दुसऱ्या मुलाला देत नाही. तुमच्याकडे देतात का?"

शाळेत प्रत्येक मुलाला दोन क्रमांक असतात. हजेरी क्रमांक दर वर्षी बदलतो. यंदाचा १४ क्रमांक पुढच्या वर्षी दुसऱ्याचा असतो आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही, कारण तो त्या वर्गातल्या, त्या वर्षाच्या यादीतल्या जागेचा क्रमांक आहे. जनरल रजिस्टरचा क्रमांक मात्र त्या मुलाचा असतो. मूल शाळा सोडून गेले तरी ती ओळ त्याचीच राहते. म्हणूनच पन्नास-साठ वर्षांनी जन्मतारखेच्या किंवा जातीच्या पुराव्यासाठी एखादा नातू शाळेत येतो, तेव्हा आजोबांच्या नावाची नोंद त्या क्रमांकावरून सापडते. शाळेने ते क्रमांक फिरवून वापरले असते, तर किती कुटुंबांचे कागद अडले असते याचा विचार करावा.

गंमत म्हणजे हाच भेद आप्पांनी मला फार पूर्वी भुसावळच्या फलाटावर समजावून सांगितला होता. तेव्हा मला तो केवळ रेल्वेचा वाटला. त्यांनी सांगितले होते की मुंबई–अमरावती एक्सप्रेसचा क्रमांक रोज रात्री वापरला जातो, पण रोज त्या क्रमांकाखाली धावणारे डबे निराळे असू शकतात, कारण तो फेरीचा क्रमांक आहे. डब्याच्या अंगावर रंगवलेला क्रमांक त्या डब्याचा असतो, त्याचे पहिले दोन अंक डबा बांधल्याचे वर्ष सांगतात, आणि डब्याची देखभाल, दुरुस्ती, बिघाड असा सगळा इतिहास त्या क्रमांकाशी बांधलेला असतो. फेरीचा क्रमांक पुन्हा पुन्हा वापरण्यासाठीच असतो. डब्याचा क्रमांक तसा वापरला, तर मोडीत निघालेल्या डब्याची दुरुस्ती नव्या डब्याच्या नावे लागेल.

आमच्या मंडळात नेमके हेच झाले होते. क्रमांक ही वहीतली जागा आहे असे मी धरून चाललो, आणि पाकिटांतल्या शेकडो चौकटींत तो माणसाची सही म्हणून लिहिला जात होता.

क्रिकेटमध्येही हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. भारताकडून कसोटी खेळलेल्या प्रत्येकाला टोपीचा एक क्रमांक असतो आणि तो दुसऱ्याला जात नाही. सचिन तेंडुलकरचा क्रमांक १८७ आहे आणि त्याच्याबरोबर कराची कसोटीत पदार्पण करणारा सलील अंकोला १८६ आहे. पाठीवरच्या अंकाचे तसे नाही, तो खेळाडू बदलला की दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणून २०१७ मध्ये शार्दूल ठाकूर सचिनच्या १० क्रमांकाची जर्सी घालून उतरला, तेव्हा नियमाने त्यात काहीच चूक नव्हती. तरी लोकांना ते सहन झाले नाही. जागेचा असलेला क्रमांक लोकांच्या मनाने माणसाला देऊन टाकला होता, आणि पुढे तो अंक वापरातून गेला. टोपीच्या क्रमांकाबद्दल असा वाद होण्याचे कारणच नाही.

पहिल्या क्रमांकांचा मोठेपणा कितपत खरा असतो, हेही याच यादीत दिसते. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा अकरा जणांचे पदार्पण एकाच दिवशी झाले, म्हणून त्यांना आडनाव-नावांच्या वर्णक्रमाने क्रमांक लावले गेले. त्यामुळे १ क्रमांक अमर सिंग यांचा आहे आणि कर्णधार सी. के. नायडू ७ वर आहेत. आमच्या मंडळाच्या संस्थापकांनीही असेच केले होते. पहिल्या सभेला हजर असलेल्या १९ जणांची नावे आडनावाच्या वर्णक्रमाने लिहिली गेली, आणि पहिले अध्यक्ष १४ क्रमांकाचे सभासद ठरले. मला ही पद्धत आजही सर्वांत सभ्य वाटते. काही मंडळांत अध्यक्षाला १, चिटणीसाला २ असे हुद्द्यांनुसार क्रमांक देतात. मग अध्यक्ष बदलले की नव्या अध्यक्षांना १ हवासा वाटू लागतो, आणि माणसाचा क्रमांक हळूहळू खुर्चीचा होऊन बसतो.

क्रमांक पुन्हा वापरणे सगळीकडेच चूक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. जिथे क्रमांकांचा साठाच मर्यादित आहे तिथे ते करावे लागते. बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवस मोकळा ठेवून नंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, कारण दहा अंकांत देशाची गरज भागवायची असते. त्याचा त्रासही आम्ही अनुभवला आहे. आमच्या एका वारलेल्या सभासदाचा क्रमांक व्हॉट्सअॅपच्या यादीतून काढायचा राहिला, आणि सव्वा वर्षाने मंडळाच्या सभेची सूचना एका अनोळखी बाईंना पोचली. हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून बिनतारी संपर्क साधणाऱ्यांची, स्थिती अशीच आहे. भारतात त्यांची संकेतनामे व्हीयू२ किंवा व्हीयू३ यांनी सुरू होतात, पुढे दोन-तीनच अक्षरे येतात, आणि हवेत पुकारायला आटोपशीर असलेली नावे थोडीच असतात. अमेरिकेत संकेतनामधारक वारला तर ते नाव सर्वसाधारणपणे दोन वर्षे कुणाला देत नाहीत, मात्र त्याच्या जवळच्या नातेवाइकाला ते त्याआधी मागता येते. हा नियम मला माणुसकीचा वाटतो. साठा मर्यादित आहे हे मान्य करून शोकाला आणि घराण्याला त्यात जागा ठेवली आहे. पण आमच्यासारख्या मंडळाला टंचाई कसली? ३१२ नंतर ३१३ येतो आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

शेवटचा क्रमांक आणि प्रत्यक्ष सभासदसंख्या यांत अंतर पडते, या आक्षेपाचेही उत्तर सोपे आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. म्हणजे कायदासुद्धा सभासद मोजतो तो वर्गणीवरून. सभेची गणपूर्ती चालू वर्गणीच्या यादीवरून काढायची असते आणि अहवालात हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहायचे असतात. ते एकत्र करण्यासाठी मेलेल्या माणसाची ओळ जिवंत माणसाला देण्याची गरज नाही.

नवी वही लिहिताना मी जे ठरवले ते फार थोडे आहे. क्रमांक ओळीने वाढत जाईल आणि त्यात दुसरी कसलीही माहिती कोंबली जाणार नाही. पूर्वी आम्ही आजीव सभासदासाठी आधी आ आणि वार्षिक सभासदासाठी वा लिहीत असू. वार्षिक सभासद आजीव झाला की त्याचा क्रमांक बदले आणि जुन्या पुस्तिकांवरचा क्रमांक निराधार होई. जिल्ह्याचे अक्षर घालण्याचाही एक काळ होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला, तेव्हा नव्या गाड्यांना एमएच-३९ मिळू लागले आणि जुन्या गाड्या एमएच-१८ घेऊनच धावत राहिल्या. आमच्या तिकडच्या सभासदांचे धु मात्र आम्ही उत्साहाने खोडून नं केले, आणि त्याच्या खुणा अजून जुन्या पानांवर आहेत. जे बदलू शकते ते वेगळ्या रकान्यात असावे, हे आता पक्के केले आहे. कुणी वर्गणी थकवून गेला आणि दहा वर्षांनी परतला, तर त्याला त्याचाच जुना क्रमांक मिळेल. कुणी आपले नाव, पत्ता काढून टाकायला सांगितले तर ते काढले जाईल, क्रमांकाची ओळ मात्र राहील, म्हणजे ती मोकळी समजून पुढच्या चिटणीसाच्या हातून माझीच चूक पुन्हा घडणार नाही.

एका बाबतीत मला कठोर व्हावे लागले आणि ते जड गेले. अमळनेरकडचे एक गृहस्थ वडिलांच्या पश्चात सभासद व्हायला आले. वडील संस्थापकांपैकी, क्रमांक ११. मुलाने वडिलांचे कार्ड कापडात गुंडाळून आणले होते. माझ्यापुढे ठेवत तो म्हणाला, "भाऊ, हाऊ नंबर मन्हा बापना शे." त्याला तोच हवा होता, आणि त्याच्या मागणीत लोभाचा लवलेश नव्हता. मी त्याला वडिलांची जुनी देवघेव पुस्तिका दाखवली. तिच्या पहिल्या पानावर ११ होता, आत ज्यांनी तिकिटे घेतली त्यांचे क्रमांक होते, आणि त्यांत ४७ तीनदा होता. तो बराच वेळ पाने उलटत राहिला. शेवटी त्याने ३०८ घेतला. त्याच्या शेरा रकान्यात मी "वडील : सभासद क्र. ११" असे लिहिले आणि वडिलांच्या ओळीत "पुत्र : सभासद क्र. ३०८" असे लिहिले.

उरला प्रश्न माझ्या हातून दुसऱ्यांदा दिल्या गेलेल्या २२ क्रमांकांचा. त्या सगळ्यांना सरसकट नवे क्रमांक द्यावेत असे कार्यकारिणीतल्या काहींचे मत होते. पण २०११ नंतरच्या पाकिटांत त्यांनीही आपापल्या सह्या त्याच क्रमांकांनी केलेल्या होत्या, आणि त्या मागे जाऊन बदलता येणार नव्हत्या. उपाय आमच्याच छंदात होता. तिकिटांच्या कॅटलॉगमध्ये एकदा दिलेला क्रमांक सहसा हलवत नाहीत, कारण जगभरच्या संग्राहकांचे अल्बम आणि हव्या असलेल्या तिकिटांच्या याद्या त्या क्रमांकांवर लिहिलेल्या असतात. स्टॅनली गिबन्स या ब्रिटिश तिकीट व्यापाऱ्याची पहिली यादी १८६५ मध्ये निघाली. तेव्हापासून आजवर किती तिकिटे मागाहून उजेडात आली असतील! मधल्या एखाद्या तिकिटाला जागा द्यायची असेल, तर आधीच्या क्रमांकापुढे एक अक्षर जोडतात आणि पुढचे सगळे क्रमांक जसेच्या तसे राहू देतात. आम्हीही तसेच केले. मूळ सभासदाचा क्रमांक त्याच्याकडेच राहिला, दुसऱ्याला त्याच क्रमांकापुढे ब मिळाला, आणि कोणत्या तारखेपूर्वीची सही कुणाची समजायची हे प्रत्येक ओळीत लिहिले. ज्यांना हे रुचणार नाही त्यांना नवा क्रमांक घेण्याची मोकळीक ठेवली. सहा जणांनी तो घेतला.

पाचोऱ्याच्या मॅडमना मी दोन्ही पर्याय कळवले. त्यांनी वर्षभरापूर्वी पुन्हा वर्गणी भरली होती, पण पाकीट मागवले नव्हते. त्यांचे उत्तर पोस्टकार्डाने आले. त्यांच्या पुस्तिकांवर ४७ आहे, म्हणून ४७ब चालेल, एवढेच त्यात होते. मार्चमध्ये पाकीट पाचोऱ्याला पाठवले आणि तीन आठवड्यांनी ते परत आले. तीन चौकटी रिकाम्या होत्या, तिन्हींत शाईने ४७ब लिहिलेले होते, आणि तक्त्यातली बेरीज बरोबर होती.